अंगावरचे पित्त आणि पोटातले पित्त



वस्तीत आरोग्य शिबीर लागले की एक तक्रार हमखास पुढे येते. अंगाला खाज सुटते, पण कातडीवर धड काही दिसत नाही. पोट तर वर्षानुवर्षे बिघडलेलेच. कधी दिवसातून चार वेळा जावे लागते, कधी तीन-तीन दिवस साफ होत नाही. डॉक्टरांनी आयबीएस सांगितले, शेजारणीने ॲलर्जी सांगितली, सासूबाईंनी पित्त सांगितले. मग वांगे बंद झाले, अंडे बंद झाले, सुकट बंद झाली, पुढे दूध आणि तूरडाळही बंद झाली. खाज काही गेली नाही, अंगातली ताकद मात्र गेली.

पोटाचा त्रास आणि खाज एकाच माणसाच्या वाट्याला आली म्हणजे एकातून दुसरे निघाले, असे नसते. पुष्कळदा ते दोन वेगळे आजार असतात. काही वेळा मात्र दोन्हींच्या मागे तिसराच आजार लपलेला असतो, आणि पोटाला 'आयबीएस' हे नाव एकदा मिळाले की त्या तिसऱ्याचा शोध थांबतो. नुकसान होते ते इथे. हा शोध कसा घ्यायचा आणि त्यात पैसा कुठे वाया जातो, ते पाहू.

एका शब्दाचा घोळ

आपल्या मराठीत छातीत जळजळ झाली तरी 'पित्त झाले' आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी 'पित्त उठले'. शब्द एकच, म्हणून आजारही एकच असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जळजळ होते ती जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत आल्यामुळे. गांधी उठतात त्या कातडीतल्या विशिष्ट पेशींमधून हिस्टामिन नावाचे रसायन बाहेर पडल्यामुळे. पोटातले आम्ल रक्तातून कातडीत जात नाही. म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन गांधी जातील ही अपेक्षा चुकीची. आमसुलाचे पाणी अंगाला लावल्याने बरे वाटते ते गारव्यामुळे. लावायला हरकत नाही, पण त्याने कारण जात नाही.

यकृतात तयार होणारा खरा पित्तरस ही आणखी तिसरीच गोष्ट. गंमत अशी की खाजेशी खरोखर संबंध आहे तो याच पित्ताचा, आणि त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्याकडे पुढे येऊ.

आयबीएस म्हणजे काय, काय नाही

आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, गाठ नसते. आतड्याची हालचाल आणि आतडे व मेंदू यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली असते. साधा गॅस पुढे सरकला तरी अशा माणसाला तो दुखतो. तीन महिन्यांपासून आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणे, ते दुखणे शौचाशी जोडलेले असणे, शौचाच्या वेळा किंवा स्वरूप बदललेले असणे आणि एकूण त्रासाला सहा महिने झालेले असणे, अशा खुणांवरून डॉक्टर हे निदान करतात. तपासण्या 'नॉर्मल' येतात म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. 'सगळे मनाचे खेळ आहेत' असे म्हणून रुग्णाला, त्यातही बाईला, वाटेला लावणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे.

पण या यादीत खाज कुठेच नाही. दमा, शिंका, इसब असणाऱ्यांमध्ये आयबीएस काहीसे जास्त आढळते हे खरे, पण आयबीएसने अंगाला खाज सुटते असे नाही. तेव्हा पोटासाठी आयबीएसचे निदान झाले असेल आणि खाज सहा आठवड्यांहून जास्त दिवस टिकली असेल, तर खाजेची चौकशी वेगळी झाली पाहिजे. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. एकाच भेटीत दोन तक्रारी घाईघाईने सांगितल्या की दुसरी पहिलीत मिसळून जाते.

आधी कातडी नीट पाहा

'काही दिसत नाही' असे सांगणाऱ्या पुष्कळ जणांच्या अंगावर काहीतरी असतेच. ते उजेडात, कपडे बाजूला करून कोणी पाहिलेले नसते. सर्वांत आधी मनात आणायची ती खरूज. खाज रात्री अंथरुणात वाढते का? बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, काखेत, जननेंद्रियावर, बायकांना स्तनाग्रांभोवती बारीक पुळ्या आहेत का? घरात आणखी कोणी खाजवते आहे का? यांतल्या दोन प्रश्नांना 'हो' असे उत्तर आले तर पोटाचा विचार बाजूला ठेवा.

खरूज डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. तो कातडीत बीळ करून अंडी घालतो. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून ती कुठून आली हे कळतच नाही. ती पसरते अंगाला अंग बराच वेळ लागल्याने. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील तर ती पसरणारच. यात घाणेरडेपणाचा काही संबंध नाही. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना 'अस्वच्छ' म्हणून हिणवले गेले, त्या आपल्या माणसांना खाजेची तक्रार तोंडावर आणायलाच लाज वाटते आणि ती महिनोन्‌महिने लपवली जाते. ही लाज सोडून द्यायला हवी.

उपाय स्वस्त आहे, पण तो पुरा करावा लागतो. परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या अंगाला, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून आठ ते चौदा तास ठेवायचे आणि मग अंघोळ करायची. साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवायचे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडत बसू नये.

इथेच एक इशारा. औषधाच्या दुकानात 'खाजेवर काहीतरी द्या' म्हटले की क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असलेले मिश्रणाचे मलम हातात पडते. दोन दिवसांत आराम वाटतो. पण गजकर्ण असेल तर ते आतून पसरते, त्याचा गोल कडा असलेला आकार मोडतो आणि मग अनुभवी डॉक्टरांनाही ते ओळखणे अवघड जाते. जांघेतली, काखेतली कातडी पातळ होते, तिथे कायमचे पांढरे पट्टे उमटतात. अशी अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली गेली. दुकानात मात्र ती अजूनही सहज मिळतात. पूर्वी लावलेल्या मलमाची ट्यूब, संपली असली तरी, डॉक्टरांना दाखवा.

कोरडी कातडी हे तर खाजेचे अगदी साधे कारण. हिवाळा, कढत पाणी, कपड्याचा साबण अंगाला लावणे आणि वाढते वय, एवढे त्याला पुरते. अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून दोन आठवडे पाहावे. एवढ्यावर खाज गेली तर पुढच्या तपासण्यांचा खर्च वाचला.

राहिल्या गांधी. एक गांध उठते आणि चोवीस तासांच्या आत खूण न ठेवता विरते, दुसरी दुसरीकडे उठते. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत अंग स्वच्छ. म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हे सहा आठवड्यांहून जास्त चालले तर बहुधा त्याचे कारण अन्न नसते; शरीराची प्रतिकारव्यवस्थाच आपल्या पेशींना चाळवत असते. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी अशा गांधी भडकू शकतात. वांगे सोडून काही होत नाही, पण गुडघ्यासाठी रोज घेतलेली गोळी डॉक्टरांना विचारून बदलली की फरक पडलेला दिसू शकतो.

ॲलर्जी ओळखायची कशी

अन्नाची खरी ॲलर्जी घड्याळ पाळते. तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलटी, घशात आवळल्यासारखे होणे असे काही घडते, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की बहुधा पुन्हा घडते. सोमवारी खाल्लेल्या अंड्यामुळे गुरुवारी पाठ खाजली, असा हिशेब तिथे लागत नाही.

खाज सुटली म्हणजे ॲलर्जीच, असेही नाही. अळूच्या वड्या नीट शिजल्या नाहीत तर घसा खाजतो. तो अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा प्रताप, आणि तो खाणाऱ्या कोणालाही भोवतो. म्हणून तर आपल्या आया-आज्या अळूत चिंच किंवा आमसूल घालतात. बांगड्यासारखा मासा पकडल्यापासून बर्फात नीट राहिला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होते. असा मासा खाल्ला की तासाभरात तोंड लाल होते, अंग खाजते, डोके दुखते, जुलाब होतात. शिजवल्याने किंवा तळल्याने हे हिस्टामिन नष्ट होत नाही. ती त्या दिवशीच्या शिळ्या मालाची विषबाधा असते. तेवढ्यावरून जन्मभर मासे सोडण्याचे कारण नाही.

दुधाचेही असेच. दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते, पातळ होते; हे दुधातली साखर पचत नसल्यामुळे. आपल्या देशात मोठ्या माणसांत हे फार सर्रास आहे. त्याने खाज सुटत नाही, आणि अशा बहुतेकांना दही-ताक चालते.

आता खर्चाविषयी. शे-दोनशे पदार्थांची यादी लावून रक्तातून 'फूड इनटॉलरन्स' सांगणाऱ्या तपासण्यांची जाहिरात जोरात असते. त्या बहुधा आयजीजी नावाची प्रतिद्रव्ये मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध ही प्रतिद्रव्ये रक्तात असतातच. ती आजाराची खूण नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या जगभरच्या संघटना ही तपासणी करू नका असे सांगतात. त्या यादीत नेमके तांदूळ, गहू, दूध, हरभरा यांच्यापुढे लाल फुली येते आणि माणूस आपले रोजचे जेवणच सोडून बसतो. आयजीई नावाची तपासणी निराळी आहे. एखाद्या पदार्थावर नेमका संशय असेल तर ती किंवा कातडीवर टोचून केलेली चाचणी उपयोगी पडते. कातडीच्या चाचणीआधी खाजेच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. पण केवळ एकूण आयजीई वाढलेले दिसले म्हणून ॲलर्जी ठरत नाही. पोटात जंत असले तरी ते वाढते.

ज्या घरात अंडे, सुकट आणि डाळ हीच स्वस्तातली प्रथिने आहेत, तिथे पुराव्याशिवाय ती बंद करायला लावणे म्हणजे औषध सांगणे नव्हे, कुपोषण सांगणे होय.

दोन्हींच्या मागे एकच कारण असेल तर

सीलिअॅक हा आजार याचे चांगले उदाहरण. यात गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारव्यवस्था लहान आतड्याचेच नुकसान करते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने हे टिपले आणि दोष गव्हाचा असल्याचे दाखवून दिले. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार आढळतो. दक्षिणेत त्याहून बराच कमी. जुलाब, पोट फुगणे, थकवा आणि रक्त न वाढणे अशी लक्षणे असल्याने तो आयबीएसच्या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. काहींना यातच कोपर, गुडघे, कुल्ले आणि मानेमागे अतिशय खाजणारे बारीक फोड येतात. खाजवून ते फुटलेले असतात, म्हणून दाखवायला फक्त खपल्या उरतात.

टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी त्यासाठी करतात. महत्त्वाची गोष्ट अशी की ती करेपर्यंत चपाती सोडायची नाही. गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटी 'नॉर्मल' येते आणि पुन्हा काही आठवडे गहू खाऊन ती करावी लागते. निदान पक्के झाल्यावर मात्र गहू जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या आजारात चालतात, त्यामुळे भाकरी खाणाऱ्या माणसाला हे पथ्य तितके जड जात नाही. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेवढे मात्र डबी वाचून घ्यावे.

थायरॉइड वाढला की शौचाला वारंवार होते आणि अंग गरम वाटून खाजते. कमी झाला की बद्धकोष्ठ होतो आणि कातडी कोरडी पडून खाजते. मधुमेहात कातडी कोरडी होते, जांघेत बुरशी येते, आणि त्याच्यावरच्या मेटफॉर्मिनने पोट ढिले होऊ शकते. जंतांचेही तसेच: रात्री गुदद्वाराशी खाज असेल तर बारीक सुतासारखे जंत, आणि तेव्हा औषध सगळ्या घराने घ्यायचे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना गोळी मोफत मिळते.

लोहाची कमतरता ही तर घरोघरची. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोह कमी झाले की पुरळ नसतानाही अंग खाजू शकते. पण नुसती लोहाची गोळी देऊन थांबू नये. लोह कुठे जाते आहे तेही पाहावे. जास्त पाळी, मूळव्याध, अंकुशकृमी की सीलिअॅक? लोहाच्या गोळीने शौच काळे आणि घट्ट होते, त्याची भीती नको.

आता ते खरे पित्त. यकृतातून पित्तरस वाहण्याला अडथळा आला की खाज सुटते. ती तळहात-तळपायांना जास्त असते, रात्री वाढते आणि पुरळ नसते. लघवी गडद, शौच फिकट आणि डोळे पिवळे ही पुढची लक्षणे, पण खाज त्यांच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते. मध्यमवयीन स्त्रियांत पित्तनलिकांचा एक हळूहळू वाढणारा आजार नेमका थकवा आणि खाज एवढ्याच तक्रारी घेऊन येतो. मूत्रपिंडे निकामी होत असतील तरीही खाज सुटते.

या सगळ्यासाठी लागणाऱ्या पहिल्या तपासण्या थोड्याच आहेत: रक्ताची संपूर्ण मोजणी, फेरिटिन, यकृताची तपासणी, क्रिएटिनिन, साखर, टीएसएच आणि शौचाची तपासणी, पोटाचा त्रास असल्याने सोबत टीटीजी. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्या कमी खर्चात होतात. त्या शेकडो पदार्थांच्या यादीपेक्षा यातून कितीतरी जास्त कळते.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. खाज किती वाजता, कुठे, काही दिसले का. आधीच्या दोन तासांत काय खाल्ले. शौच कसे झाले. कोणती गोळी घेतली, चूर्ण किंवा काढा धरून. पाळीचे दिवस कोणते. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा. पुष्कळदा पान भरता भरताच दिसते की ज्याच्यावर संशय होता तो पदार्थ आठ वेळा खाल्ला आणि खाज एकदाच आली.

सगळे तपासून काहीच सापडले नाही तर? असेही होते, आणि तेव्हाही उपचार असतात. सेटिरिझिनपेक्षा फेक्सोफेनाडिनने झोप कमी येते. रिक्षा किंवा यंत्र चालवणाऱ्याने डॉक्टरांना हे मुद्दाम विचारावे. झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी बद्धकोष्ठही वाढतो. पोटासाठी कांदा, लसूण, गहू, राजमा असे फुगवणारे पदार्थ चार-सहा आठवडे कमी करून मग एकेक परत आणण्याची पद्धत आहे, पण ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. ती खाजेवरचा उपाय नाही, आणि ते पदार्थ परत आणणे हा तिचा अर्धा भाग आहे. कधी कधी डॉक्टर अमिट्रिप्टिलिन अगदी थोड्या मात्रेत रात्री देतात. दुकानदार म्हणेल 'ही डिप्रेशनची गोळी आहे', आणि माणूस घाबरून फेकून देईल. या मात्रेत ती आतड्याच्या आणि कातडीच्या संवेदना शांत करण्यासाठी दिलेली असते.

थांबू नये असे प्रसंग

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजू लागले आणि पुरळ नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन यकृताची आणि पित्ताम्लांची तपासणी मागावी. 'पोटाची कातडी ताणते म्हणून खाजते' असे म्हणून घरी बसू नये. यात बाळाला धोका असू शकतो. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास, डोळे पिवळे होणे, किंवा खाजेबरोबर रात्री दरदरून घाम आणि मानेत-काखेत गाठी, यांतले काहीही असेल तर त्याला आयबीएस म्हणून सोडून देऊ नका.

आणि काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर गांधींसोबत आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली किंवा पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तर आमसूल शोधत बसू नका. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, उभे करून चालवू नका. लगेच १०८ला फोन करा आणि 'ॲलर्जीचा झटका आहे' असे सांगा. त्यावरचे खरे औषध म्हणजे मांडीत दिले जाणारे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन.